बोटं गेलेल्यांचा सर्व्हर

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाची आठवण लोकांना सर्व्हर बंद पडला की येते. तो नीट चालू असेपर्यंत कुणाला त्याचं घेणंदेणं नसतं. चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, संगणक विभागात माझी सगळी नोकरी झाली, आणि तिथे माझं आडनाव फार थोड्यांना माहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी मी 'सिस्टिमवाल्या मॅडम'. सिस्टिम बंद पडली की डिस्पॅचचं चलन निघत नाही, चलन निघालं नाही की गेटवर ट्रक अडकतात, आणि ट्रक अडकले की वर्षभर साधा नमस्कारही न करणारे साहेब खुर्चीच्या मागे येऊन उभे राहतात. मागे उभं राहिल्यानं काम लवकर होतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. या गमतीजमती लिहायला बसले तर अंक पुरणार नाही. पण मला लिहायचं आहे ते निवृत्तीनंतर माझ्या घरात चालवलेल्या सर्व्हरबद्दल. नोकरीत जे शिकले ते सगळं मी त्यात ओतलं, आणि त्याचं काय झालं हे सांगताना मला अजून राग येतो. कुणाचा, ते धड सांगता येत नाही.

सुरुवात रशीदभाईंपासून करायला हवी. ते आमच्याच कंपनीत पॉवर प्रेसवर होते. ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खालच्या साच्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, हात बाहेर काढायचा आणि मशीन चालवायचं. वरून कित्येक टनांचा ठोसा येतो आणि पत्र्याचा भाग कापला जातो. दोन्ही हात दोन वेगवेगळ्या बटणांवर असल्याशिवाय ठोसा पडू नये, अशी सोय मशीनमध्येच केलेली असते. पण तसं केलं तर शिफ्टचं टार्गेट निघत नाही, म्हणून एका बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तपासणीला कुणी येणार असलं की पट्ट्या निघतात, पाहुणे गेले की परत लागतात.

अशाच एका पट्टीपायी रशीदभाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. बरे होऊन आले तेव्हा कंपनीनं त्यांना 'हलकं काम' दिलं, म्हणजे आमच्या विभागातून प्रिंटआउटचे गठ्ठे इकडून तिकडे पोचवायचे. पहिल्या दिवशी चहा आला. त्यांनी ग्लास डाव्या हातानं उचलला, परत ठेवला, आणि मग मुद्दाम उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत धरून उचलला. म्हणाले, "मॅडम, बघा, धरता येतंय." मी "वा" म्हणाले आणि स्क्रीनकडे बघायला लागले, कारण माझे डोळे भरून आले होते.

पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि कासारवाडीत दुचाकीच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान टाकलं. दुकानात बसल्या बसल्या त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला, प्रेसवर हात गेलेल्यांचा. तो होता त्या मोठ्या ॲपवर, ज्याच्यावर सगळं जग असतं. नाव सांगत नाही. सगळ्यांना माहीत आहे आणि फुकटची जाहिरात मला करायची नाही. ग्रुपची एक रीत होती. नवीन माणूस आला की त्यानं आपला चेहरा दाखवायचा नाही, कारण चेहरा दिसला तर कामगार पुरवणारा ठेकेदार ओळखतो आणि दुसऱ्या दिवसापासून गेट बंद. त्याऐवजी दुखावलेल्या हातात चहाचा ग्लास धरून फोटो टाकायचा. कुणी दोन बोटांत धरलेला, कुणी तळव्यावर तोललेला, एकानं तर कोपराच्या बेचक्यात. खाली बाकीचे लिहायचे, "ये भावा, बस."

तुम्ही म्हणाल, दुःख वाटून घ्यायचा ग्रुप, त्यात काय एवढं. तसं नव्हतं. बोट तुटल्यानंतरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात. तुटलेला भाग स्वच्छ पाण्यानं धुवायचा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, ते गोठून मरतं. आणि जवळच्या छोट्या दवाखान्यात मलमपट्टी करून घ्यायला सुपरवायझर कितीही घाई करत असला तरी जिथे बोट जोडतात तिथेच जायचं. एवढं साधं. पण ज्याच्या हातून रक्त वाहतंय त्याला हे कोण सांगणार? एकदा भोसरीच्या एका कामगाराच्या मित्रानं ग्रुपवर टाकलं, "बोट तुटलंय, काय करू?" रशीदभाईंनी गिऱ्हाईक तसंच सोडून फोन लावला आणि तो दवाखान्यात पोचेपर्यंत ठेवला नाही. ते बोट जोडलं गेलं. वाकडं राहिलं, पण राहिलं. त्याच्या ग्लासच्या फोटोखाली लोकांनी इतकं लिहिलं की रशीदभाई दुकानात येईल त्याला तो दाखवत होते.

मग एका सकाळी ग्रुप नाहीसा झाला. मोठ्या ॲपवर फोटो तपासायला माणसं बसलेली नसतात, मशीन असतं. त्या मशीनला आमचे हात दिसले आणि त्यानं ठरवलं की हा हिंसक मजकूर आहे. आधी फोटो गेले, मग ग्रुप, मग रशीदभाईंचं खातंसुद्धा. दाद मागायची तर एक चौकोन येतो, त्यात लिहायचं. लिहिलं की तेच उत्तर परत येतं, त्याच शब्दांत. मीच त्यांना लिहून देत होते, मराठीत, इंग्रजीत, सगळं करून झालं. रशीदभाई संतापले. "मॅडम, प्रेसमध्ये बोट जातं ते हिंसक नाही, आणि त्याचा फोटो हिंसक?" मी म्हणाले, "रशीदभाई, दुसऱ्याच्या दारात किती दिवस उभं राहायचं? आपण आपलं घर बांधू."

आता हे घर म्हणजे काय ते सांगते. मोठ्या ॲपवर सगळ्यांची खाती एकाच कंपनीच्या ताब्यात असतात. पण जगात असेही लोक आहेत जे म्हणतात की समाजमाध्यम कुणा एकाचं असू नये. त्यांनी तसा प्रोग्राम लिहून फुकट ठेवलाय. तो आपण आपल्या कॉम्प्युटरवर चढवायचा, की तो कॉम्प्युटर झाला सर्व्हर आणि आपलं छोटं ॲप तयार. दुसऱ्या कुणी आपल्या कॉम्प्युटरवर चढवला तर त्याचं दुसरं. आणि ही दोन्ही एकमेकांशी बोलू शकतात. इथल्या माणसानं लिहिलेलं तिथल्याला दिसतं. आपल्या हाउसिंग सोसायट्यांसारखं आहे. प्रत्येकीचं गेट वेगळं, वॉचमन वेगळा, नियम वेगळे, पण येणंजाणं आहे.

मी कंपनीत आयुष्यभर दुसऱ्यांचे सर्व्हर राखले होते. हा माझा. आमच्या ह्यांनी गॅलरीतला चपलांचा स्टँड हलवून जागा करून दिली. मी एक जुना कॉम्प्युटर घेतला, रॅम वाढवली, रोजच्या बॅकअपची सोय केली, आणि चिंचवडच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बोटं गेलेल्यांचा सर्व्हर सुरू झाला. पहिला फोटो रशीदभाईंचा. ग्लास, दोन बोटं, मागे टायरट्यूबच्या माळा. तो फोटो कुणी उडवणार नव्हतं, कारण उडवणारी मीच होते आणि मी उडवणार नव्हते. त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पूर्ण नोकरीत कधी वाटला नव्हता.

लोक आले. नाही असं नाही. आले, हाताचा फोटो टाकला, आणि मग विचारायला लागले. "मॅडम, यात रील कुठे दिसतात?" "मॅडम, गावाकडची लग्नं दिसत नाहीत इथं." एकानं स्पष्टच सांगितलं, "माझी बायको, मेहुणा, सासरे सगळे तिकडे आहेत. इथं येऊन मी कुणाला नमस्कार घालू?" पासवर्ड सगळे विसरत. मोठं ॲप फोनवर उघडंच असतं, त्याला पासवर्ड लागतो हेच कुणाला आठवत नव्हतं. मग ते रशीदभाईंच्या दुकानात जायचे, रशीदभाई मला फोन करायचे, आणि मी नवीन पासवर्ड द्यायचे, तो पुढच्या आठवड्यात विसरला जायचा. आणि गुरुवार! आमच्या भागात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, आणि दुरुस्तीसाठी वीजही बहुतेक गुरुवारीच जाते. म्हणजे कामगार ज्या दिवशी घरी फोन घेऊन निवांत बसणार त्याच दिवशी माझी गॅलरी अंधारात. इन्व्हर्टर लावला, तो दुपारपर्यंत धापा टाकत पोचायचा. मोठं ॲप गुरुवारी बंद पडल्याचं कुणी ऐकलंय का?

तरी मी हरले नव्हते. खरी जखम ढमाल्यांनी केली, आणि त्यांचं चूक होतं असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

ढमाले चाकणकडचे, जुन्या घराण्यातले. जमिनी गेल्या, त्यावर कंपन्या आल्या, उरलेल्या जागेत त्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. त्यांच्या धाकट्या भावाचा हात प्रेसमध्ये गेलेला, म्हणून ते ग्रुपमध्ये होते. उत्साही माणूस. म्हणाले, "मॅडम, चाकणचं येगळं काढू या. आमची पोरं चिंचवडच्या सर्व्हरवर येत न्हाईत, त्यांना वाटतं ह्ये शहरातलं हाय." मला आनंद झाला. सगळ्या कल्पनेचा गाभाच हा, की प्रत्येकानं आपापलं घर बांधावं. मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन सर्व्हर बसवून दिला. बहुतेक प्रेस तिकडेच आहेत, त्यामुळे तिथली माणसं जोडली जाणं सगळ्यांत महत्त्वाचं होतं. काही महिने छान चाललं. तिकडचा नवीन जखमी इकडच्यांना दिसायचा, इकडचे सल्ले तिकडे पोचायचे.

मग आमच्या सर्व्हरवरच्या एकानं लिहिलं, की अमुक ठेकेदारानं अपघाताची नोंदच होऊ दिली नाही, माणसाला गावी पाठवून दिलं. ठेकेदाराचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी चाकणचं कुणीच आम्हाला दिसेना. ढमाल्यांनी गेट बंद केलं होतं; तशी सोय प्रोग्राममध्ये असते, एक बटण दाबलं की दुसऱ्या सर्व्हरवरचं काहीच आत येत नाही आणि आतलं काही तिकडे जात नाही. मी फोन केला.

"मॅडम, त्यो माजा चुलतभाऊ हाय," ते म्हणाले. "त्येच्या नावानं शिमगा, आन् तो बी माज्याच घरातल्या मशीनवर? न्हाई चालायचं."

"पण लिहिलेलं खोटं आहे का?"

"खरं-खोटं तुमी बगा. आमाला त्याच आळीत ऱ्हायचंय."

"ढमाले, असं एका माणसानं परस्पर ठरवायचं का?"

"व्हय, मीच ठरवनार की," ते शांतपणे म्हणाले. "तुमीच तर म्हनला व्हता, ह्ये आपलं सोताचं हाय."

मी म्हणालेच होते. मोठ्या ॲपचं मशीन आंधळं, त्याला आमच्यातलं कोण कुणाचा भाऊ ते ठाऊक नव्हतं. ढमाल्यांना सगळं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांनी गेट लावलं. रशीदभाईंनी जाऊन विनवण्या केल्या, मी केल्या. ढमाल्यांनी चहा पाजला, सुनेनं पोह्यांच्या बशा आणल्या, गेट उघडलं नाही. त्यांच्या सर्व्हरवर नंतर वाढदिवसाच्या शुभेच्छा येत राहिल्या, मग त्याही थांबल्या. आम्ही मोठ्या ॲपवर दुसऱ्याच्या खात्यावरून आमच्या सर्व्हरचा पत्ता टाकून पाहिला, म्हणजे शोधणाऱ्याला निदान वाट सापडेल. त्या मशीननं तो संशयास्पद म्हणून लगेच उडवला. असं करता करता आम्ही उरलो ते जुनेच लोक. ज्यांचं जे जायचं ते गेलेलं, जखमा कधीच भरलेल्या. रोज एकमेकांना सुप्रभात.

एके दिवशी दुपारी दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं रशीदभाईंना फोनवर व्हिडिओ दाखवला. "चाचा, हे तुमच्याच लाइनीतलं ना?" मोठ्या ॲपवरचा आदल्या दिवशीचा व्हिडिओ. एक बाई एका छोट्या दवाखान्याच्या बाकावर बसून बोलत होती, "माझ्या मिस्टरांची दोन बोटं तुटलीत, कुणाला माहीत असेल तर सांगा, जोडता येतात का." तिचं नाव कविता. नवरा बालाजी, परभणीकडचा, चाकणला एका प्रेस शॉपमध्ये ठेक्यावर. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांगच रांग. 'काळजी घ्या ताई.' 'देव बरं करो.' एकानं हळद लावायला सांगितलं. आणि एकानं, चांगल्याच भावनेनं, लिहिलं होतं, 'बोटं लगेच बर्फात टाका, वेळ घालवू नका.'

रशीदभाईंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. आम्ही दोघं रिक्षानं व्हिडिओत पाटी दिसत होती त्या दवाखान्यात गेलो. तोपर्यंत त्याला मोठ्या ठिकाणी हलवलं होतं, पत्ता विचारून तिथे पोचलो. बालाजी झोपलेला, हात पांढऱ्या बँडेजमध्ये गाडग्याएवढा. कविता बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिनं शीतपेयाच्या दुकानातून बर्फ आणला होता, स्टीलच्या डब्यात भरला होता आणि त्यात दोन्ही बोटं ठेवून डबा मांडीवर घेऊन इथवर आली होती. डॉक्टर म्हणाले होते की काप स्वच्छ होता, प्रयत्न करता आला असता, पण बोटं गोठून गेलीत.

रशीदभाईंनी आपण कोण ते सांगितलं. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

"मंजी तुमीच का ते चाचा?" ती म्हणाली. "ह्यांच्या बाजूच्या मशीनवरच्या भाऊंनी सांगून ठेवलं होतं बघा. असं काही झालं तर त्या ग्रुपवर टाकायचं, तिथले चाचा लगेच फोन करतेत. नाव बी पाठ होतं मला. दवाखान्यात बसून ते नाव टाकून टाकून बघितलं. निघालंच नाही. मंग मनलं, आता उघड्यावरच टाकावं, कुणीतरी सांगंल."

रशीदभाई भिंतीला टेकून खाली बसले आणि रुमालानं तोंड झाकून घेतलं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, बोटं गेली तेव्हासुद्धा त्यांना असं बघितलं नव्हतं.

कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलत सुटले. ग्रुप का गेला, मशीनला फोटो कसे हिंसक वाटले, मग आम्ही स्वतःचा सर्व्हर कसा बांधला, तो कुणाच्या मालकीचा नाही, त्यावरून आम्हाला कुणी हाकलू शकत नाही. तिनं मध्ये मध्ये मान हलवत सगळं ऐकलं. माझ्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, पण बोलता बोलता मला माझीच शिसारी यायला लागली. या बाईच्या मांडीवर काल बर्फाचा डबा होता, आणि मी तिला मालकी हक्क समजावून सांगत होते.

"मंजी तुमचं येगळं ॲप हाय," ती शेवटी म्हणाली. "चांगलं हाय का?"

"चांगलं आहे," मी म्हणाले.

"तिथं कोण कोण असतंय?"

"आम्हीच. ज्यांचे हात गेलेत ते."

आत नर्सनं कुणाला तरी हाक मारली, तेव्हा तिनं उठून डोकावलं आणि परत आली.

"ताई, माझा भाऊ बी प्रेसवरच हाय, महाळुंग्याला. आजच फोन करते त्याला. कुठं शोधायचं मनून सांगू?"

रशीदभाईंनी रुमाल काढून माझ्याकडे बघितलं. सिस्टिम हा माझा प्रांत, उत्तर मीच द्यायचं होतं. आमच्या सर्व्हरचा पत्ता द्यावा, तर हात मशीनखाली असलेला माणूस खातं काढणार कधी आणि पासवर्ड ठरवणार कधी. मोठ्या ॲपवर परत ग्रुप काढावा, तर तो आज आहे तर उद्या नाही. चाकणच्या सर्व्हरला कुलूप. आयुष्यभर माझा एवढाच धंदा होता, की माणसाला जे हवंय ते त्याला मागेल त्या क्षणी पडद्यावर दिसलं पाहिजे. जिन्यात उभी राहून मी शोधत राहिले आणि मला एकही जागा सापडेना.

मी तिला रशीदभाईंचा मोबाइल नंबर दिला. तिनं तो फोनमध्ये घेतला, भावाला पाठवला, आणि खात्री करायला तिथल्या तिथे लावूनही पाहिला. रशीदभाईंच्या खिशात वाजला. ते दिवसभर दुकानात असतात, आणि समोर गिऱ्हाईक असलं, की फोन आवाज बंद करून गल्ल्यात ठेवून देतात.